चाकाच्या जागी नाद

हल्ली मोटारीत गाणे नुसते ऐकू येऊन भागत नाही. ते छातीवर आदळावे लागते. त्यासाठी सबवूफर, म्हणजे मंद्र स्वरांचा मोठा ध्वनिवर्धक, बसवायचा आणि डिकीतील सामानाची जागा जाऊ नये म्हणून त्याची पेटी स्टेपनीच्या खळग्यात बांधायची, अशी टूम तरुण मंडळींत निघाली आहे. परवा आमच्या भाच्याने ह्या बेताला आमची संमती मागितली. वकिलाकडे संमती मागणाऱ्यास युक्तिवाद ऐकून घ्यावा लागतो. तो असा.

पूर्वपक्ष प्रथम मांडू, आणि प्रामाणिकपणे मांडू. १७५/६५ मापाच्या चौदा इंची टायरचा व्यास सुमारे ५८ सेंटिमीटर व रुंदी साडेसतरा; म्हणजे त्याच्या खळग्यात ढोबळ मानाने ४५ लिटर जागा. बारा इंची ध्वनिवर्धकाच्या बंद पेटीस पुष्कळदा ३० लिटर पुरतात. खळग्यास आतून चिकटपट्टी लावावी, तीवर फायबरग्लासचे थर रेझिनमध्ये भिजवून चढवावे, वाळलेले कवच उचलून घ्यावे आणि वर १८ मिलिमीटर जाडीची फळी अशी बसवावी की कोठूनही हवा गळू नये. कारागिरी सुबक आहे, हे आम्ही नाकारीत नाही. शिवाय जुलै २०२० मधील नियमदुरुस्तीने ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारींस स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. मग आक्षेप कसला?

आक्षेप असा की, अटी विसरून सवलत तेवढी उचलली जाते. आमच्या भाच्याच्या गाडीत दाब दाखविणारी यंत्रणाही नाही आणि संचही नाही. संच असता तरी त्यातील द्रावाने खिळ्याचे भोक बुजते. धारदार दगडाने टायरची बाजू चिरली तर त्याचा काडीचा उपयोग नाही. आषाढातील रात्री बेळगावहून पणजीस जाताना चोर्ल्याच्या घाटात असे घडले, मागे वृद्ध आईवडील बसलेले असले आणि फोनला रेंज नसली, तर ते बारा इंची यंत्र काय कामाचे? चाक रुतल्यावर कर्णाचे काय झाले, हे कीर्तनातून लहानपणापासून ऐकणाऱ्यांस अधिक सांगणे नलगे. ‘स्टेपनी’ हे नाव वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आले. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास सुटे चाक बाजारात आणले, ते अडलेल्या वाटसरूसाठी. ती सोय आम्ही करमणुकीवरून ओवाळून टाकावी काय?

दुसरा आक्षेप शेजाऱ्याचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. परंतु ज्या ‘ए’ श्रेणीने हे मोजतात, ती ५० हर्ट्झचा स्वर सुमारे ३० डेसिबलांनी कमी धरते. परिणाम असा की, मापक निर्दोष ठरवितो आणि आजाऱ्याच्या खोलीची तावदाने थरथरतात. साधी भिंतही असल्या मंद्र स्वरास फारशी अडवीत नाही. कायद्याच्या मापातून निसटणे म्हणजे निरपराध असणे नव्हे, हे वीस वर्षे न्यायालयात उभे राहून आम्ही शिकलो आहोत.

आम्ही नादाचे शत्रू नव्हे. आमच्या देवळांतील नगारा काही हळू वाजत नाही. पण त्यास नगारखान्याची जागा आणि पूजेची वेळ नेमून दिलेली आहे. जागा आणि वेळ सुटली की नादाचा गोंगाट होतो.

तेव्हा निर्णय असा: स्टेपनी काढू नये. तिच्याच रिमच्या पोकळीत बसणारे चपटे ध्वनिवर्धक मिळतात. हौस असेल त्याने ते घ्यावे, घट्ट आवळून बसवावे आणि वाड्यात शिरताना आवाज उतरवावा. भाचा म्हणतो, “मामा, त्यात तेवढी मजा नाही.” नसेल. पण घाटात गाडी थांबली, तर ती पुन्हा चालू लागेल.