महाडची तयारी आणि आपले विहार

गावी विहार बांधायचे ठरले की काम तीन ठिकाणी वाटले जाते. पैसा मुंबई मंडळ जमवते, चिरा-वाळू गाव शाखा उतरवून घेते, श्रमदानाला महिला मंडळ उभे राहते. पण इकडचे तिकडे कळत नाही. सिमेंट येते तेव्हा गवंडी नसतो. गवंडी मिळतो तोवर मृगाचा पाऊस येतो आणि स्लॅब पुढच्या वर्षावर जातो. वर्गणी देणारा कामगार मग पुढचा हप्ता देताना हात आखडतो.

अशा वेळी आम्हाला १९२७ सालचे महाड आठवते. मार्चमधील परिषदेनंतर २५ डिसेंबरला सत्याग्रह करायचे ठरले. पण खात्री कशाचीच नव्हती. ४ ऑगस्टला नगरपालिकेने तळे खुले करणारा आपलाच १९२४ चा ठराव रद्द केला. परिषदेला जागा मिळेना. ती फत्तेखान यांनी दिली. व्यापाऱ्यांनी माल नाकारला. धान्य बाहेरून आणले. मुंबईची मंडळी बाबासाहेबांसह पद्मावती बोटीने दासगाव बंदरात उतरली आणि पाच मैल चालत महाडला पोहोचली. एक वाट अडली की दुसरी काढायला त्या-त्या कामाचा माणूस जागेवर हजर होता.

सर्वात मोठी अडचण कोर्टाच्या मनाई हुकमाची. तुरुंगात जायला जवळजवळ चार हजार लोकांनी नावे दिली होती. बाबासाहेबांनी सर्वांपुढे परिस्थिती मांडली आणि परिषदेच्या संमतीनेच सत्याग्रह तहकूब झाला. म्हणून माणसे फुटली नाहीत. मनुस्मृतीचे दहन ठरल्याप्रमाणे झाले, शिस्तीत मिरवणूक निघाली आणि पाण्याचा लढा कोर्टात चालू राहिला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला.

एवढी शिस्त आपल्या विहाराच्या कामातही आणता येईल. एक वही घाला. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचे नाव, तारीख आणि 'हे न झाले तर काय' हे लिहा. दर पंधरा दिवसांनी त्या वहीची नक्कल मुंबईला, गावी आणि महिला मंडळाला गेली पाहिजे. बेत बदलावा लागला, तर कारण वर्गणीदारांच्या सभेत उभे राहून सांगा. काम लांबले तर आपला समाज समजून घेतो, पण त्याला अंधारात ठेवलेले तो विसरत नाही.

जयभीम!