धूर, मिश्री आणि राहून गेलेली तपासणी

दाभोळकर कॉर्नरला सिग्नल सुटण्याची वाट पाहणाऱ्या दुचाकीस्वार स्त्रियांचे चेहरे ओढणीने घट्ट बांधलेले असतात. डिझेलच्या धुरातील सूक्ष्म कण त्या कापडातून आरपार जातात, ही गोष्ट वेगळी. हवेच्या राष्ट्रीय मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूर व सांगली या दोहोंची नावे आहेत. तेव्हा हा धूर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासही कारण होतो काय, असा प्रश्न स्त्रियांना पडणे स्वाभाविकच होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर आणि २०१३ साली बाहेरील प्रदूषित हवा कर्करोगकारक ठरविली. परंतु ती मुख्यतः फुप्फुसासंबंधीच्या पुराव्यावरून. गर्भाशयमुखाबाबत तसा निर्णायक पुरावा नाही. शंकेला आधार मात्र आहे. वाहनांच्या धुरातील बेंझोपायरीनसारखी द्रव्ये तंबाखूच्या धुरातही असतात आणि धूम्रपानाने या रोगाचा धोका वाढतो, हे सिद्ध आहे. या भागात धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया थोड्या. मिश्री लावणाऱ्या मात्र खेडोपाडी आजही आहेत, आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. रस्त्यावरील धुराची चर्चा होते, त्या डबीची होत नाही.

रोगाचे मूळ कारण एचपीव्ही हा विषाणू. बहुतेक स्त्रियांत तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काहींत टिकून राहतो आणि दहा-वीस वर्षांनी कर्करोग प्रकटतो. हा दीर्घ अवकाश म्हणजेच वाचण्याची संधी. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र व बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या साहाय्याने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात आठ वर्षांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. चाचणी न झालेल्या, संख्येने किंचित लहान गटात ६४. त्या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढे टीका झाली, आणि ती अनाठायी नव्हती.

इतके असूनही तपासणी टळते ती बहुधा संकोचाने. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव झाला, तरी सासू-सुना एकमेकींपाशी बोलत नाहीत. वास्तविक शासकीय कार्यक्रमात तीस वर्षांपुढील स्त्रियांसाठी असलेली तपासणी अगदी साधी आहे: सौम्य ॲसिटिक आम्ल लावून मिनिटभर थांबावयाचे, संशयास्पद भाग पांढरा दिसतो. ती करून स्त्री त्याच दिवशी घरी परतते.