पहिली नोकरी मुदतीआधी सोडावी का?



या सदरात आपण बियाणे, खते, कीड आणि पीककर्ज यांविषयी बोलतो. आजचा प्रश्न निराळा आहे. चऱ्होलीच्या एका शेतकरी घराने तो विचारला आहे. त्यांचा मुलगा एका लहान विमान कंपनीत सहवैमानिक आहे. नोकरीला सव्वा वर्ष झाले. कंपनीशी तीन वर्षांचा करार आहे. आता एका मोठ्या कंपनीचे बोलावणे आले आहे. विमान मोठे, पगारही जास्त. आई म्हणते, जाऊ द्या, कर्ज लवकर फिटेल. वडील म्हणतात, ज्यांनी पहिली भाकरी दिली त्यांना मध्येच सोडू नये. मुलगा दोघांच्या कात्रीत सापडला आहे.

शेतीच्या पानावर विमान कशाला, असे कोणी म्हणेल. पण चऱ्होलीला लोहगावचा विमानतळ शेजारीच आहे. 1997 साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले, जमिनीला भाव आला, वावरांचे प्लॉट झाले. चार गुंठे विकून पोराला बारामतीला किंवा गोंदियाला विमान शिकायला पाठवावे, असा विचार करणारी घरे आता आपल्यातही आहेत. परवाना आणि ठराविक जातीच्या विमानाचे प्रशिक्षण धरून हा खर्च 50 लाखांच्या वर जातो. म्हणजे ही नोकरी जमिनीतूनच उगवलेली आहे. तिचा हिशेबही शेतीसारखाच वही काढून केला पाहिजे.

या घरात दोन प्रश्नांची गल्लत झाली आहे. नोकरी सोडावी का, हा एक. सोडायची तर कशी, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी पाहू.

ऊसतोडीची उचल आपल्याला माहीत आहे. मुकादम उचल घेतो, टोळी आणायचे कबूल करतो, आणि ऐन हंगामात टोळी दुसऱ्याच कारखान्याला निघून जाते. जास्त पैसे मिळवणे हा टोळीचा गुन्हा नव्हे. पण इकडे शेतकऱ्याचा ऊस फडात वाळतो, वजन घटते, आणि त्या बिचाऱ्याचा या व्यवहाराशी काही संबंध नसतो. विमानातही तसेच आहे. वैमानिक अचानक गेला की बदली माणूस लगेच मिळत नाही. एका जातीच्या विमानाचा वैमानिक त्याचे वेगळे प्रशिक्षण घेतल्याशिवाय दुसऱ्या जातीचे विमान चालवू शकत नाही. मग उड्डाण रद्द होते आणि प्रवासी विमानतळावर बसून राहतात.

म्हणून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियम केला आहे. सहवैमानिकाने सहा महिन्यांची आणि कप्तानाने एक वर्षाची नोटीस द्यावी. कप्तानांची मुदत ऑगस्ट 2017 मध्ये वाढवून वर्षाची केली. नोटिशीच्या काळात वैमानिकाने नेमून दिलेले उड्डाण नाकारू नये आणि कंपनीनेही त्याचे हक्क काढून घेऊ नयेत. कंपनीने राजीखुशीने ना-हरकत दाखला दिला, तर मुदत कमी होऊ शकते. वैमानिकांच्या संघटनांना हा नियम मान्य नाही. त्यांनी तो न्यायालयात नेला.

हा नियम किती महत्त्वाचा आहे ते 2023 साली दिसले. मुंबईची अकासा एअर ही कंपनी ऑगस्ट 2022 मध्ये उडू लागली होती. वर्षभरातच तिचे 43 वैमानिक नोटिशीची मुदत न भरता गेले, असे तिने न्यायालयात सांगितले. शेकडो उड्डाणे रद्द झाली. कंपनीने काही वैमानिकांवर मुंबई उच्च न्यायालयात भरपाईचा दावा लावला. नव्या नोकरीच्या पहिल्याच वर्षात कोर्टाचा कागद घरी यावा, हे कोणत्या आईबापांना आवडेल?

म्हणजे नोटीस न भरता जायचे नाही. एवढे ठरले की वडिलांचा अर्धा प्रश्न सुटतो. रीतसर सांगून, मुदत भरून, देणे फेडून गेलेला माणूस बेइमान ठरत नाही.

आता मूळ प्रश्न. वडिलांना एक सांगतो. निष्ठा चांगली, पण तिलाही डोळे हवेत. किंगफिशर 2012 मध्ये बंद पडली. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये थांबली. तेथील वैमानिकांचे काही महिन्यांचे पगार तेव्हा थकलेले होते. गो फर्स्टची विमाने मे 2023 मध्ये जमिनीवर आली. आज ना उद्या कंपनी सावरेल म्हणून जे शेवटपर्यंत थांबले, त्यांना नोकरीही गमवावी लागली. पगार वेळेवर येतो का, उड्डाणाचे पुरेसे तास मिळतात का, या दोन गोष्टींवर नजर ठेवावी. त्या बिघडल्या तर थांबण्यात शहाणपण नाही.

आईंना दुसरे सांगतो. वैमानिकाची खरी मिळकत म्हणजे त्याच्या वहीतले उड्डाणाचे तास. पहिला व्यावसायिक परवाना 200 तासांवर मिळतो. कप्तान होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, त्याला इतर अटींबरोबर 1500 तास लागतात. तुमच्या मुलाचा हिशेब करू. पहिले तीन महिने प्रशिक्षणात गेले असे धरा. पुढचे वर्षभर महिन्याला 60 तास, म्हणजे 720. शिकतानाचे 200 मिळवून 920 झाले. 1500 ला 580 कमी पडतात, म्हणजे आणखी सुमारे दहा महिने. त्यातले सहा महिने नोटिशीचेच आहेत. म्हणजे चार महिने थांबून मग नोटीस दिली, तर तो 1500 तास वहीत घेऊन बाहेर पडेल. आज घाईने गेला, तर नव्या विमानाच्या प्रशिक्षणात काही महिने तासांची भर जवळजवळ थांबेल, ज्येष्ठतेच्या यादीत तो तळाला लागेल आणि बहुधा नव्या करारात बांधला जाईल. पगारातला फरक या तोट्याशी ताडून पाहा.

थांबण्यातही धोका आहे, तो लपवत नाही. आजची जागा चार महिन्यांनी असेलच असे नाही. 2020 च्या कोरोनात हा धंदा एका रात्रीत बसला होता. पण एअर इंडिया आणि इंडिगो या दोघांनी मिळून 2023 या एकाच वर्षात 970 विमानांच्या मागण्या नोंदवल्या आहेत. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांतीही 2025 मध्ये 36 तासांवरून 48 तासांवर गेली, म्हणजे तेवढ्याच उड्डाणांना माणसे जास्त लागणार. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नवे नियम लागू होताना माणसे कमी पडून, इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. तास भरलेल्या वैमानिकाला दार पुन्हा उघडेल, असे मानायला जागा आहे.

निर्णयाआधी तीन कागद समोर ठेवा. पहिला, जुना करारनामा. मुदतीआधी गेल्यास किती रक्कम भरायची आणि ती महिन्यागणिक उतरते की तशीच राहते, हे वकिलाकडून वाचून घ्या. दुसरा, नव्या कंपनीचे पत्र. प्रशिक्षणाच्या काळात पगार किती, नवा करार किती वर्षांचा, जुनी रक्कम कोण भरणार, हे लेखी हवे. फोनवरच्या शब्दाला किंमत नाही. तिसरा, बँकेचा हप्ता. आजच्या पगारात तो बसत असेल, तर घाईचे कारण उरत नाही.

माझे मत विचारले आहे म्हणून देतो. पगार वेळेवर आणि तास पुरेसे असतील, तर त्याने चार महिने थांबावे, मग सहा महिन्यांची लेखी नोटीस द्यावी, कराराची राहिलेली रक्कम भरावी आणि ताठ मानेने जावे. पगार थकू लागला, तर आजच नोटीस द्यावी.

शेवटचे सांगणे आईवडिलांना. विकलेल्या गुंठ्यांची आठवण मुलाला जेवताना करून देऊ नका. त्याच्यामागे विमानात शंभर माणसे बसलेली असतात. घरच्या कर्जाचे ओझे डोक्यावर घेऊन, झोप मोडून तो उडायला बसला, तर त्यात कोणाचेच भले नाही. हिशेब तुम्ही करून द्या, निर्णय त्याला घेऊ द्या.