थंड मातीचा हिस्सा

सुरतेत ‘जंतू’ हा शब्द काढला की मागच्या पिढीला १९९४ चा सप्टेंबर आठवतो. प्लेगच्या भीतीने लाखो माणसे शहर सोडून गेली. आमची आजीही लिंबायतचे घर बंद करून, मुलांना घेऊन भुसावळच्या गाडीत बसली होती. परवा सुट्टीत मी तिला म्हणालो, “आजी, हिमालयातल्या थंड मातीत कामाचे जंतू असतात.” ती म्हणाली, “असू देत. तिथंच असू देत.”

आजीचे हे म्हणणे मला पटत नाही.

२०१० साली हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांनी उत्तराखंडातल्या रूपकुंड हिमनदीच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूचे ‘क्रायोबॅक्टेरियम रूपकुंडेन्स’ असे नामकरण केले. रूपकुंड आपल्याला ठाऊक ते तिथल्या सांगाड्यांमुळे. तिथे जिवंत कोण आहे याची चौकशी कोण करतो? थंडीत तूप थिजते, गोडेतेल थिजत नाही. थंडीला सरावलेले जिवाणू आपल्या पेशीच्या आवरणात असेच सहजी न थिजणारे स्निग्ध पदार्थ जास्त राखतात. त्यांची एन्झाइम्सही लवचिक, म्हणून गारठ्यातही कामाला लागतात. उष्णता मात्र त्यांना सोसवत नाही.

यात कॉमर्सवाल्याचे काय काम, असे मित्र विचारतात. अहो, पाणी तापवायला पैसे पडतात! थंड पाण्यात डाग काढणारी एन्झाइम्स धुण्याच्या पावडरीत वापरली जातात. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी अनुसंधान संस्थेत तर थंडी सोसणाऱ्या स्युडोमोनास जिवाणूंमुळे गव्हाच्या रोपांची वाढ सुधारल्याचे प्रयोगात दिसले आहे. माझे वडील डाइंग मिलमध्ये आहेत. पॉलिएस्टर रंगवायला १३० अंशांपर्यंत तापमान न्यावे लागते. तिथे या बिचाऱ्या जिवाणूंचा काही इलाज चालणार नाही, हे मी खेदाने कबूल करतो.

पण जिथे चालेल, तिथला नफा कोणाचा? २००२ च्या जैवविविधता कायद्यात ‘जैविक संसाधन’ म्हणजे केवळ झाडे आणि प्राणी नव्हेत, सूक्ष्मजीवही त्यात येतात. आणि त्यांच्या व्यापारी लाभात स्थानिकांचा वाटा धरला आहे. तरीही उत्तराखंडात एका औषध कंपनीने हा वाटा देण्यास हरकत घेतली, आणि तो द्यावाच लागेल हे २०१८ साली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. माझ्या मते डोंगरातल्या गावाचे खाते मातीचा पहिला नमुना उचलतानाच उघडले पाहिजे. वाद कोर्टात गेल्यावर उघडलेले खाते म्हणजे निव्वळ वसुली.

हे सारे आजीला ऐकवले. तिने एवढेच विचारले, “माती नेताना त्या गावाला कुणी इचारलं होतं का?”