स्कॉटलंड आणि संमतीचा मार्ग

जे राज्य लोकांच्या संमतीवर उभे असल्याचे सांगते, त्याने ती संमती काढून घेण्याचा मार्गही सांगितला पाहिजे. स्कॉटलंडने ब्रिटनच्या संयुक्त राज्यापुढे हाच प्रश्न टाकला आहे, आणि लंडनने त्याचे सरळ उत्तर अद्याप दिलेले नाही.

इंग्लंड व स्कॉटलंड यांची पार्लमेंटे १७०७ साली एक झाली. १९९९ पासून एडिंबरोस स्वतःचे विधिमंडळ आहे. २०१२ साली उभय सरकारांत करार झाला आणि १८ सप्टेंबर २०१४ रोजी सार्वमत झाले. शेकडा ८४ हून अधिक मतदारांनी मतदान केले व शेकडा ५५ मतांनी एकत्र राहण्याचा कौल दिला. पराभूत पक्षाने तो मानला. सुसंस्कृत राष्ट्रास शोभेल असेच ते वर्तन होते.

परंतु २०१६ साली परिस्थिती पालटली. युरोपीय संघात राहावे, असे शेकडा ६२ स्कॉटिश मतदारांनी सांगितले. तरीही सबंध देशाच्या बहुमतामुळे त्यांना बाहेर पडावे लागले. एडिंबरोने पुन्हा सार्वमत मागितले, लंडनने ते नाकारले. लंडनच्या अनुमतीवाचून असे सार्वमत घेण्याचा कायदा स्कॉटिश विधिमंडळास करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एकमताने दिला. न्यायालयाने कायदा सांगितला. कायदा बदलणे हे पार्लमेंटचे काम आहे.

राज्य ठेवावे की मोडावे, हा प्रश्न दर निवडणुकीस विचारता येत नाही, हे लंडनचे म्हणणे खोटे नाही. २०१४ ची संधी पिढीतून एकदाच येणारी आहे, असे खुद्द स्वातंत्र्यवादी पुढारीच तेव्हा म्हणत होते. मग तसा नियम करावा! त्याच राज्यातील उत्तर आयर्लंडसाठी १९९८ च्या करारात तो आहे. बहुसंख्य लोक आयर्लंडशी एकीकरणास अनुकूल असल्याचा संभव दिसताच मंत्र्याने सार्वमत घेतले पाहिजे, आणि दोन सार्वमतांत किमान सात वर्षांचे अंतर राहिले पाहिजे. बेलफास्टला हा मार्ग तीन दशकांच्या रक्तपातानंतर मिळाला. एडिंबरोने केवळ मतपेटीवर विश्वास ठेवला, म्हणून त्यास तो मिळू नये काय? सनदशीर मार्गाने जाणाऱ्यांना असा धडा देणे कोणत्याही लोकशाहीस परवडणारे नाही.

सोव्हिएत संघाच्या १९७७ च्या घटनेने प्रजासत्ताकांना फुटून निघण्याचा अधिकार दिला होता. तो बजावण्याची रीत सांगणारा कायदा मात्र एप्रिल १९९० मध्ये, लिथुएनियाने स्वातंत्र्य जाहीर केल्यानंतर झाला. १९९१ अखेर संघच उरला नाही. ब्रिटन म्हणजे सोव्हिएत संघ नव्हे. पण उशिराने केलेल्या सुधारणेचे मोल सर्वत्र सारखेच असते.

सार्वमत केव्हा, किती अंतराने व कोणत्या कसोटीवर घ्यावे, हे लंडनने कायद्यात लिहावे. त्यानंतरही स्कॉटिश जनता कदाचित एकत्र राहण्याचाच कौल देईल. तसे झाल्यास ते ऐक्य आजच्यापेक्षा अधिक बळकट असेल.