तणाने शिकवलेला धडा

निंदणीला मजूर मिळत नाहीत, पाऊस उघडीप देत नाही आणि तण पिकाच्या पुढे धावते. अशा वेळी पंपात तणनाशक भरणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. जगभरच्या शेतीने हाच मार्ग धरला. मात्र एकाच रसायनावर सगळी भिस्त ठेवली की काय होते, हे अमेरिकेने अनुभवले आहे.

ग्लायफोसेट हे तणनाशक १९७४ मध्ये ‘राउंडअप’ या नावाने बाजारात आले. वनस्पतींना आवश्यक अमिनो आम्ले बनवणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते बंद पाडते. १९९६ मध्ये हे रसायन सहन करणारे जनुकीय बदल केलेले सोयाबीन अमेरिकेत आले. उभ्या पिकात फवारणी करा, तण मरेल, पीक राहील! मजुरी वाचली, नांगरणी कमी झाल्याने जमिनीची धूपही घटली. मग वर्षानुवर्षे तेच औषध त्याच शेतात पडत राहिले.

२००५ मध्ये जॉर्जिया राज्यातील कपाशीच्या शेतांत ग्लायफोसेटला दाद न देणारे ‘पामर ॲमरँथ’ आढळले. हे तण आपल्या माठ-राजगिऱ्याच्या कुळातले. त्याच्या एका झाडाला लाखो बिया येतात. फवारणीतून वाचलेल्या झाडांत त्या विकराच्या जनुकाच्या कितीतरी जादा प्रती होत्या. औषध पुरे पडेना. उपाय म्हणून डायकॅम्बा हे जुने तणनाशक सहन करणारे वाण आले. २०१७ मध्ये त्याचे फवारे वाऱ्याने उडून शेजाऱ्यांचे सोयाबीन आक्रसले.

आरोग्याचा प्रश्नही मिटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये त्याला आणखी दहा वर्षांची मुदत दिली. यात दिसते तेवढी विसंगती नाही. पहिली संस्था पदार्थात धोका आहे का, हे पाहते. नियामक प्रत्यक्ष वापरात तो किती, हे तोलतात. त्यामुळे खरा प्रश्न फवारणी करणाऱ्याच्या अंगावर किती औषध पडते, हा आहे.

आपल्याकडे नेमके तिथेच दुखणे आहे. केंद्राने २०२२ मध्ये ग्लायफोसेटची फवारणी केवळ कीड नियंत्रण परिचालकांमार्फतच करण्याची अधिसूचना काढली. दुसरीकडे, मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील कपाशीचे बियाणे विदर्भात चोरून विकले जाते. चोरीच्या बियाण्याला ना पावती, ना सल्ला, ना नुकसानभरपाई.

नुसत्या बंदीने निंदणीचा खर्च कमी होत नाही आणि मोकळीक दिल्याने तण हरत नाही. पिकांची फेरपालट, वेळेवर डवरणी, वेगवेगळ्या प्रकारे काम करणाऱ्या औषधांचा आलटून-पालटून वापर आणि फवारणाऱ्याला हातमोजे-मुखपट्टी हे सगळे एकत्र लागेल. कृषी विभागाने दुकानदाराच्या आधी बांधावर पोहोचावे. नाहीतर अमेरिकेतल्या शेतकऱ्याने मोजलेली किंमत आपल्यालाही, आणि तीही अधिक कमकुवत खिशातून, मोजावी लागेल.