वाडा कोणाच्या खर्चाने टिकायचा?

पुण्याच्या सदाशिव, नारायण किंवा कसबा पेठेतून जाताना पत्र्यांनी वेढलेली एखादी मोकळी जागा दिसली, की तेथे पूर्वी काय होते हे आठवावे लागते. बहुधा तेथे वाडा असतो. दिंडीदरवाजा, देवडी, चौकातला हौद, सुरूच्या आकाराचे लाकडी खांब आणि वरचा कडीपाट हे सारे जाऊन खाली मोटारी व वर सदनिका अशी इमारत उभी राहते. वाटसरू क्षणभर हळहळतो आणि पुढे जातो. या हळहळीसाठी त्याला काही मोजावे लागत नाही. वाडा उभा असतानाही त्याने त्यासाठी कधी काही मोजलेले नसते, आणि वाडे पडण्याचे खरे कारण तेथेच आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

वाडे पडले की मालकाचा लोभ आणि बांधकाम-व्यावसायिकाचा पैसा यांना दोष देण्याची आपली रीत आहे. हे निदान अपुरे आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे त्या पुरात गेले. तो प्रलय सर्वांच्या स्मरणात राहिला. परंतु दुसरी झीज संथपणे, कायद्याच्या वाटेने झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी साधारणतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. तो कायदा अन्याय्य होता असे नव्हे, तो गरजेहून फार अधिक काळ तसाच राहिला, ही चूक झाली. गोठविलेली भाडी न्याय्य राहिलेली नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले. त्यानंतर ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण एखाद्या खोलीचे भाडे दरमहा पंधरा रुपये असेल, तर ही वाढ चक्रवाढीने धरली तरी पंचवीस वर्षांनी ते चाळीस रुपयांच्या आसपासच पोहोचते. एवढ्या पैशात सागवानी तुळई बदलणे दूरच, गळके कौलही बदलून होत नाही. मालक दुरुस्ती करीत नाही, भाडेकरू परक्याच्या घरावर खर्च करीत नाही, आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत कलली की पालिकेची नोटीस येते. यात खलनायक कोणीच नाही. प्रत्येक जण आपापल्या हिशेबाने शहाणपणानेच वागतो आणि एकंदर परिणाम मात्र विनाशाचा होतो.

अर्थशास्त्रात याला नाव आहे. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना आणि खर्च एकाला, ती वस्तू बाजार पुरेशा प्रमाणात पुरवीत नाही. सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवर गोरा शिपाई गेंड्याला साखळदंडाने बांधत असल्याचे शिल्प आहे. अठराव्या शतकातल्या कारागिराने नव्या सत्तेविषयी दगडात लिहून ठेवलेले ते जणू भाष्यच आहे. ते पाहण्यास तिकीट लागत नाही. वाड्याची कोरीव महिरप आणि गल्लीतल्या गवाक्षांची रांगही अशीच सर्वांची असते. ही भररस्त्यावरची चित्रशाळा आहे; फक्त तिच्या भिंती खाजगी मालकीच्या आहेत.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. ज्या शहरात पाणी आणि शाळा यांचीच वानवा, तेथे जुन्या लाकडांवर सार्वजनिक पैसा का खर्चावा? हा प्रश्न नवा नाही. पुण्याची मंडई बांधण्याचे ठरले तेव्हा नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुले यांनीच त्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळावा हा त्यांचा आग्रह होता. १८८६ साली मंडई उभी राहिली आणि पुढे तिला नाव मिळाले ते महात्मा फुल्यांचेच. नियतीचा विनोद म्हणून हे सोडून देता येईल. पण फुल्यांचा निकष, म्हणजे हा पैसा सामान्य माणसाच्या कोणत्या उपयोगी पडणार, हा आजही योग्य आहे. मंडई त्या कसोटीला उतरली, कारण तेथे आजही भाजी विकली जाते. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि पुढे नगरपालिकेचा कारभारही तेथूनच चालला. ज्या वास्तूला काम आहे ती टिकते. वापराविना जपलेली वास्तू ओझे होते.

तेव्हा उपाय हळहळीत नसून हिशेबात आहे. पहिली गोष्ट, सुटी स्मारके न निवडता सबंध गल्ली किंवा आळी हे जतनाचे एकक मानावे. शेजारच्या उंच इमारतींत एकटा उरलेला वाडा केविलवाणा दिसतो. दुसरी, वाडा राखणाऱ्या मालकाला न वापरलेल्या बांधकामाचा हक्क अन्यत्र विकता यावा. हस्तांतरणीय विकासहक्काची ही कल्पना आपल्या राज्याला अपरिचित नाही. ती साध्या मालकाच्या आवाक्यात, दलालाविना यावी एवढेच हवे. तिसरी, त्या मोबदल्याचा ठरावीक भाग दुरुस्तीसाठीच राखून ठेवावा आणि दुरुस्तीनंतर भाडेकरूचे घर कायम राहावे. माणसे घालवून राखलेला वाडा म्हणजे नुसता सांगाडा. चौथी, लाकूडकाम आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या कारागिरांच्या हाताखाली तरुणांना शिक्षण मिळावे. अन्यथा पैसा असूनही हात मिळणार नाहीत.

याचा भार अखेर करदात्यावर, म्हणजे तुमच्या-आमच्यावर येईल, हे लपविण्यात अर्थ नाही. तो भार आपणांस नको असेल तर तसे सरळ म्हणावे आणि वाडे पडू द्यावेत. तोही एक प्रामाणिक निर्णय ठरेल. अभिमान सर्वांनी मिरवायचा आणि गळके छप्पर मात्र एका घराने सोसायचे, ही सध्याची व्यवस्था तेवढी प्रामाणिक नाही.